माशीचा ठिपका आणि आजोबांचा डोळा

मी एक जुनी वही आहे, मित्रांनो, आणि मला घाणीची भयंकर किळस आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी नाक मुरडले तर तुम्हाला नवल वाटायला नको. वहीला नाक कुठले, असे विचारू नका. जिच्या अंगावरून माणसे वर्षानुवर्षे थुंकी लावलेली बोटे फिरवतात, तिला नाक फुटल्याशिवाय राहत नाही.

माझ्या पानांवर अक्षरे नाहीत. पाच-पाच रेघांच्या पट्ट्या आहेत, आणि त्या रेघांवर व त्यांच्या मधल्या जागांत काळी-पांढरी अंडी बसलेली आहेत. हे पियानोचे सूर. अंडे जितके वर, तितका सूर उंच. काठी असलेले काळे भरीव अंडे एक मात्रा वाजवायचे, काठी असलेले पांढरे पोकळ अंडे दोन मात्रा. उभ्या रेघा मारून पट्टीला घरे पाडलेली आहेत, आणि माझ्या प्रत्येक घरात चारच मात्रा राहतात. एक कमी नाही, एक जास्त नाही. एवढे तेवढे ध्यानात ठेवा.

मला आजोबांनी बनवले. तेव्हा ते आजोबा नव्हते, एका छापखान्यात जुळारी होते. अक्षरांचे शिशाचे खिळे चिमट्याने उचलून ओळीत लावायचे, आणि एक खिळा उलटा पडला तर संबंध पान पुन्हा मांडायचे, असा त्यांचा स्वभाव. कामावरून आले की हात साबणाने दोनदा धुवायचे, नखे ब्रशने घासायचे आणि मगच मला जवळ घ्यायचे. छापखान्यातल्या जाड कागदाच्या उरलेल्या पट्ट्या त्यांनी जुळवल्या, दोऱ्याने शिवल्या, कण्याला खळ लावली. पाच टोकांच्या लेखणीने एका दमात पाचही रेघा ओढल्या. त्या दिवसांत माझ्या अंगाला फक्त शाईचा आणि साबणाचा वास होता. आठवले तरी बरे वाटते.

मग त्यांनी खुणा काढल्या. पट्टीखाली 'पी' काढला, म्हणजे हळू वाजवा. 'एफ' काढला, म्हणजे जोरात. दोन रेघा एका टोकाला जुळलेल्या आणि दुसऱ्या टोकाला फाकलेल्या काढल्या, केसांच्या पिनेसारख्या. पिन जशी उघडत जाईल तसा आवाज वाढवायचा. सुराच्या डोक्यावर ठिपका दिला, म्हणजे तो सूर गरम भांड्याला बोट लागल्यासारखा चटकन सोडायचा. तोच ठिपका सुराच्या शेजारी, उजव्या हाताला असला तर उलटाच प्रकार: सूर निम्म्याने वाढवायचा, एका मात्रेचा दीड करायचा. ठिपका तोच, पण बसायची जागा बदलली की त्याचे काम बदलते.

शेवटच्या पानावर एक खूण मात्र पहिल्या दिवशी नव्हती. ती नंतर आली. कशी आली, तेही सांगते.

आजोबा दर आठवड्याला प्रार्थनामंदिरात पियानो वाजवायचे. तिथले प्रवचनकार प्रवचन गाऊन सांगायचे. दोन वाक्ये बोलायचे, तिसऱ्याला सूर लागायचा, आणि चौथे वाक्य सगळे मंदिर त्यांच्याबरोबर गायचे. मित्रांनो, मी किळसवाणी गोष्ट सांगायला बसले आहे, पण इथे माझा सूर बदलतो, त्याला माझा इलाज नाही. ते गाणे ऐकताना माझी पाने आपोआप सरळ व्हायची. एकदा ते माझ्यातल्याच चालीवर घरातून रागावून गेलेल्या मुलाची आणि दार उघडे ठेवून बसलेल्या आईची गोष्ट गात होते. "दार उघडंच आहे रे," एवढे म्हणाले आणि थांबले. पुढचा शब्द फुटेना. आजोबांची बोटे पियानोच्या पट्ट्यांवर होती. त्यांनी ती उचलली नाहीत. तो एक सूर तसाच धरून ठेवला. शेकडो माणसे बसली होती, कुणी खोकलेसुद्धा नाही. मग प्रवचनकारांचा श्वास परत आला, गाणे पुढे गेले, आणि लोक डोळे पुसत घरी गेले.

घरी आल्याबरोबर आजोबांनी हात धुतले, मला उघडले आणि त्या सुरावर शाईने एक खूण काढली: वर कमान, कमानीखाली ठिपका. अर्ध्या मिटलेल्या डोळ्यासारखी. ते तिला डोळाच म्हणायचे. या खुणेखालचा सूर मोजायचा नसतो, धरायचा असतो. किती वेळ, ते कुठेही लिहिलेले नसते. पुढे दर वेळी त्या जागी ते थांबायचे, आणि मला वाटते, देवाला काही बोलायचे असेल तर तो तेवढ्यात बोलून घेत असेल.

झाले ते चांगले दिवस. आता घाण सांगते.

उन्हाळ्यात मंदिरात माशा यायच्या. माझ्यावर बसायच्या, पाय चोळायच्या आणि जाताना आठवण ठेवून जायच्या. काळे, चकचकीत ठिपके. श्शी! दुसरे वादक मला मागून न्यायचे. एक जण प्रत्येक पान उलटताना अंगठा पार जिभेच्या मुळापर्यंत घालायचा. दुसऱ्याने माझ्यावर ओला कप ठेवला, त्याचे कडे अजून माझ्या मुखपृष्ठावर आहे. तिसरा शिंकला आणि बाहीने मला पुसले. बाहीने! शिंक परवडली, पण ती बाही नको.

मग आजोबा थकले, मंदिरात दुसरे वादक आले आणि मी घरच्या पियानोच्या स्टुलात गेले. स्टुलाचे झाकण म्हणजे बसायची जागा. वर कोण कसे बसायचे ते मी सांगत नाही, तशी भाषा माझ्या वळणात बसत नाही. आत झुरळे होती. त्यांनी माझ्या कण्यातली खळ चाटून खाल्ली. कसरीने कोपरे कुरतडले. एका झुरळाने तर माझ्या दुसऱ्या पानात अंडी घातली. मित्रांनो, सुरांच्या अंड्यांशेजारी झुरळाची अंडी! त्या दिवसापासून माझा जगावरचा विश्वास उडाला.

मला बाहेर काढले ते आजोबांच्या नातीने. ती अकरा वर्षांची, बारीक, सतत लुटुलुटु चालणारी, म्हणून घरात तिला सगळे मुंगी म्हणतात. आजोबांनी तिला पियानो शिकवायला घेतला होता. पट्ट्या झाल्या, मात्रा झाल्या, ठिपके झाले. "उरलेल्या खुणा पुढच्या आठवड्यात," आजोबा म्हणाले, आणि पुढच्या आठवड्यात ते न्हाणीघरात पडले. उजवा हात गेला. तोंड एका बाजूला ओघळले. बोलणे गेले. त्यांचा पलंग पियानोच्या खोलीत आणला, आणि मुंगीने ठरवले की आजोबांना त्यांचीच चाल वाजवून दाखवायची. ती चाल फक्त माझ्यात होती.

पण मी आधी आत्याच्या तावडीत सापडले. मुंगीचे आईबाबा दिवसभर दुकानात, त्यामुळे घर आणि आजोबा दोन्ही आत्याकडे. आत्या म्हणजे स्वच्छतेची फौजदार. दाराची मूठसुद्धा फडक्याने धरून उघडणारी. आजोबांच्या तोंडातून लाळ गळायची तेव्हा ती पुसायची, दिवसातून वीस वेळा पुसायची, कधी चुकली नाही. पण पुसताना मान दुसरीकडे वळवायची. मला तिचा राग येत नव्हता. मीही तेच केले असते.

"अगं बाई, काय हे! सगळ्या माशा इथेच मेल्यात का?" तिने मला दोन बोटांनी उचलले आणि खिडकीत नेले. आधी पुसले. पुसायचे फडके भांड्यांचे होते, त्याचा वास मला आठवडाभर पुरला. मग तिने ब्लेड घेतले आणि एकेक ठिपका खरवडायला लागली. मला इतके बरे वाटले म्हणून सांगू! पाठ खाजवून घेतल्यासारखे. आणि शेवटच्या पानावर ती थबकली.

"ई! चिलट चिरडलंय मेलं."

शाई जुनी होऊन तपकिरी झाली होती. वर कमान, म्हणजे पंख. खाली ठिपका, म्हणजे डोके. ब्लेड फिरले. मी ओरडले असते, पण वहीला नाक फुटते, तोंड फुटत नाही. आणि गंमत बघा, दुसऱ्या पानावर माशीचा एक ठिपका एका काळ्या अंड्याच्या शेजारी, उजव्या हाताला, असा बेमालूम बसला होता की आत्या म्हणाली, "हा या सुरांतलाच दिसतोय," आणि तो तिने ठेवला.

आजोबांची खूण घाण म्हणून गेली. माशीची घाण खूण म्हणून राहिली.

मुंगी माझ्यावरून शिकली. रोज दुपारी वाजवायची. आणि रोज एकच प्रकार व्हायचा. दुसऱ्या पानावर आजोबांच्या भुवया आखडायच्या. शेवटच्या पानावर तर त्यांचे तोंड कडू औषध जिभेवर आल्यासारखे व्हायचे, आणि ते मान भिंतीकडे वळवायचे. वर्षभर हेच. मुंगीने जास्त सराव केला. मग हळू वाजवून पाहिले. मग नवा फ्रॉक घालून वाजवले. आजोबांची मान भिंतीकडेच.

"राहू दे गं बाळा," आत्या एक दिवस म्हणाली. "बाबांना त्रास होतोय. आयुष्यभर चांगलं ऐकलेला माणूस तो. त्यांना नाही सोसत."

"म्हणजे मी घाण वाजवते?"

आत्या फडके पिळत राहिली. तिने घरात विचारून ठरवून टाकले: पियानो प्रार्थनामंदिराला द्यायचा. शनिवारी हमाल येणार. मुंगी त्यावर भांडली नाही, हेच वाईट. तिने पियानोचे झाकण लावले आणि म्हणाली, "जाऊ दे. आजोबांना माझी किळस येते."

किळस हा माझा शब्द, मित्रांनो. तो त्या पोरीच्या तोंडून ऐकला आणि मला माझीच शिसारी आली.

देण्याआधी पियानो सुरात असावा म्हणून शुक्रवारी सकाळी सूर लावणारे काका आले. त्यांनी आपला मळका रुमाल उघडा करून माझ्याशेजारी टाकला. त्या रुमालाचे वर्णन मी करणार नाही. तारा पिळून झाल्यावर ते म्हणाले, "कोण वाजवतं हा? वाजव बघू, कान लावून बघतो."

मुंगीने नाही-हो करत वाजवले. दुसऱ्या पानावर काकांनी हात वर केला.

"थांब, थांब. या घरात माणसं जास्त झाली."

"कुठल्या घरात?"

"हे गं हे, दोन उभ्या रेघांमधलं. मात्रा किती राहतात इथे?"

"चार."

"आणि तू किती कोंबल्यास?"

मुंगीने बोटांवर मोजले. पुन्हा मोजले. "साडेचार! पण काका, इथे ठिपका आहे. आजोबांनीच शिकवलंय, शेजारी ठिपका म्हणजे दीडपट."

"बरोबर शिकवलंय त्यांनी. पण जुळाऱ्याच्या हातून साडेचार मात्रांचं घर होईल का? विचार कर." त्यांनी खिशातून भिंग काढले, डोळ्याला लावले, आणि मग बोट जिभेवर टेकवून (हाय रे दैवा!) माझ्यावर चोळले. ठिपका पापुद्र्यासारखा सुटला.

"माशीची शी आहे ही," काका हसून म्हणाले. "वर्षभर मनापासून वाजवलीस की!"

"ईईई!" आत्या दारातून ओरडली. मुंगी मात्र हसली नाही. तिने ताबडतोब ते पान पुन्हा वाजवले, एक मात्रा ती एकच मात्रा ठेवून, आणि पलंगाकडे पाहिले. आजोबांच्या भुवया हलल्या नाहीत. त्यांचा चेहरा सरळ राहिला. जेवढा सरळ राहू शकतो तेवढा.

"आत्या! आजोबांना मी नाही आवडत असं नाहीये! चूक नाही आवडत!"

मग ती शेवटच्या पानावर गेली, आणि आजोबांनी पुन्हा मान भिंतीकडे वळवली. काकांनी त्या पानाच्या मात्रा मोजल्या. सगळी घरे चार-चार. "इथे तर काही चूक नाही बुवा," ते म्हणाले, माझ्याशेजारचा रुमाल उचलला, त्यात नाक शिंकरले आणि दुसऱ्या घरी गेले.

मुंगी मला मांडीवर घेऊन बसली. ती तशी हळू शिकणारी पोर, पण एकदा धरले की सोडत नाही. बराच वेळ ती आत्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिली. माशीची घाण जर खूण म्हणून राहू शकते, तर मग उलटेही होऊ शकते, हे तिच्या डोक्यात शिरताना मला दिसले. ती उठली. खिडकीशी जाऊन तिने मला तिरके धरले. उन्हात शेवटच्या पानावरची एक जागा पातळ दिसली. तिने तिथे बोट फिरवले. इतर कागद गुळगुळीत, तेवढा खरखरीत.

"आत्या, इथे तू काय खरवडलंस?"

"चिलट होतं गं."

"कसं होतं?"

"चिलटासारखं! पंख वर असा गोल, आणि खाली डोकं." आत्याने टेबलावर ओल्या बोटाने काढून दाखवले. काढता काढता तिचे बोट मंदावले. "सारखं... अगदी नीट काढल्यासारखं होतं नाही का ते," ती स्वतःशीच म्हणाली, आणि तिचा चेहरा उतरला.

मुंगीला ती खूण माहीत नव्हती. तिने मला पलंगावर नेले, आजोबांच्या छातीशी उघडून धरले, त्या पातळ जागेवर बोट ठेवले आणि त्यांच्या डाव्या हातात पेन्सिल दिली.

"आजोबा, इथे काय होतं?"

जो माणूस एक खिळा उलटा पडला तर पान पुन्हा मांडायचा, त्याचा डावा हात चाचपडत माझ्यावर आला. कमान काढायला त्यांना किती वेळ लागला! ती वाकडी झाली. एका बाजूला घसरली. मग त्यांनी खाली ठिपका दिला. आणि तेवढ्या श्रमाने त्यांच्या ओघळलेल्या ओठातून लाळेचा एक मोठा थेंब सुटला आणि टप्पकन माझ्यावर पडला, अगदी डोळ्याशेजारी.

आत्याच्या हातात फडके होते. ती पुढे झाली. मी डोळे मिटून घेतले असते, मला असते तर. पण फडके माझ्यापर्यंत आलेच नाही. आत्याने ते खाली टाकले, आणि आजोबांचे तोंड आपल्या उघड्या हाताने पुसले. मान न वळवता.

"बाबा," ती म्हणाली, "मीच पुसलं हो ते."

आता मुंगीला त्या खुणेचा अर्थ सांगणार कोण? आजोबांना बोलता येत नव्हते. त्यांनी पियानोकडे बोट केले. दोघींनी त्यांना खुर्चीत बसवून स्टुलाशेजारी आणले. मुंगी वाजवत वाजवत त्या सुरापाशी आली, आणि आजोबांनी आपला डावा तळवा तिच्या बोटांवर ठेवला. उचलू दिली नाहीत. सूर निघाला, पसरला, बारीक होत होत गेला. मुंगीने एकदा त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी मान हलवली: अजून नाही. मग आजोबांनी एक लांब श्वास घेतला आणि हात उचलला.

"कळलं," मुंगी म्हणाली. "मोजायचं नाही."

आत्या भिंतीला टेकून उभी होती. "मी होते तेव्हा मंदिरात," ती म्हणाली. "लहान होते, आईच्या मांडीवर. एकदम सगळं गप्प झालं तेव्हा मला वाटलं, देव आला बहुतेक. आणि तेच मी ब्लेडने..."

शनिवारी हमाल आले. दोर, पोती, सगळे घेऊन. "कुठाय पेटी?" एकाने दारातून विचारले. मुंगी वाजवत होती. ती थांबली नाही. शेवटच्या पानावरच्या डोळ्यापाशी आली आणि तिने सूर धरला. हमाल दोर खांद्यावर घेऊन तसेच उभे राहिले. त्यांच्यातल्या सर्वांत दांडग्याने उचललेला पाय खाली ठेवला नाही. आजोबांची मान भिंतीकडे वळली नाही. ती मुंगीकडे होती, आणि त्यांचे वाकडे तोंड ज्या बाजूला हसू शकते त्या बाजूने हसत होते. मग सगळ्या खोलीने मिळून श्वास घेतला आणि चाल पुढे गेली.

"पियानो कुठे जात नाही," आत्या हमालांना म्हणाली. "उगाच हेलपाटा पडला तुम्हाला, माफ करा. बसा, चहा घेऊन जा. आणि आधी हात धुवा."

मित्रांनो, मी अजून पियानोवरच असते. झुरळांपासून सुटले. पानांना थुंकी लावू नका, कप ठेवू नका, बाहीने पुसू नका, हे तर मी मरेपर्यंत सांगत राहणार. घाण ती घाणच, त्यात माझे मत बदललेले नाही. पण जुन्या वस्तूवर काही डाग दिसला तर ब्लेड घेण्याआधी एकदा घरातल्या कुणाला तरी विचारा, की हे काय आहे. ज्याला बोलता येत नाही त्यालाही विचारा. त्याच्या हातात पेन्सिल द्या.

माझ्या शेवटच्या पानावर आता एक वाकडा डोळा आहे, आणि त्याच्याशेजारी कागद फुगलेला आहे, लाळेच्या थेंबाएवढा. येणारे-जाणारे विचारतात, हा डाग कसला. माझ्या अंगावर डाग पुष्कळ आहेत आणि त्या सगळ्यांची मला किळस आहे, या एकाची सोडून.